एआर-३ए ची खोकी: सुटलेलं अक्रोड व्हिनिअर, चेचलेला कोपरा आणि हवाबंदी

काळी पाच (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

एआर-३ए (अकॉस्टिक रिसर्च कंपनीचा जुना बंद खोक्याचा स्पीकर) याची जोडी हाती आली आहे. ड्रायव्हर (खालच्या स्वरांचा वूफर, मधल्यांचा मिडरेंज, वरच्यांचा ट्वीटर) सगळे मूळचेच दिसतात, पण खोक्यांची अवस्था बिकट आहे. फोटो चढत नाहीयेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं खोकं: समोरच्या खालच्या कडेला अक्रोडाचं व्हिनिअर (बोर्डावर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) २० सेंमी लांब सुटलंय, नख सहज आत जातं. तिथेच अंगठ्याएवढा टवका उडालाय. माथ्यावर कुंडी ठेवल्याचं काळं वर्तुळ आहे, शेजारी दोन पांढरट डाग.

दुसरं खोकं: मागचा खालचा कोपरा आपटून चेचलाय. आतला पार्टिकल बोर्ड दिसतो आणि तो ओल लागून २-३ मिमी फुगलाय.

वूफरची फोमची कड दोन्हीकडे बोट लावताच चिकट भुगा होऊन गळते. एका खोक्याचा ट्वीटर गप्प आहे. पाठीवरचे नॉब फिरवले की खरखर येते.

फोमची नवी कड मी बसवीन, ते काम जमतं. प्रश्न खोक्यांचे आहेत. व्हिनिअर पूर्ण काढून नवं लावू की आहे तेच दुरुस्त करू? खर्ज वाढावा म्हणून पाठीला भोक पाडून नळी बसवायचा विचार आहे, तो बरोबर आहे का? आतून आधाराच्या पट्ट्या ठोकल्या तर फायदा होईल का? आणि जुन्या स्क्रूंच्या जागी जाड वायर धरणारे नवे टर्मिनल बसवायचे आहेत.

ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबला. घाई अजिबात नाही.


खर्जातला सा (मुंबई)

नळीचं आधी बोलतो, कारण ते भोक एकदा पडलं की बाकीच्या कामाला अर्थ उरत नाही. नळी बसवू नका.

एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे एआर-१ काढला, तो नेमक्या याच गोष्टीसाठी की कोनला (वूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) मागे ओढणारी स्प्रिंग कापडाची किंवा फोमची नसावी, खोक्यात कोंडलेल्या हवेची असावी. १९५८ चा एआर-३ आणि १९६७ चा तुमचा ३ए त्याच घराण्यातले. ३ए चा १२ इंची वूफर मोकळा धरला तर त्याचा अनुनाद १८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि बंद खोक्यात तो ४२ च्या आसपास जातो. आता गणित करा: ४२ भागिले १८ म्हणजे २.३३, त्याचा वर्ग ५.४. एकूण ताठरतेतला १ भाग वूफरचा स्वतःचा आणि ४.४ भाग हवेचे. हवा बाहेर पडू लागली की हे ४.४ भाग ढिले पडतात. मग खालच्या स्वरांवर कोन मोकाट हलतो आणि कॉइल (कोनच्या मागचं, चुंबकाच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं) तळाला आपटून ‘टक्’ असा आवाज येतो. नळीसाठी आखलेला वूफर वेगळा असतो. त्याचा स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचिक चकती) आणि कड स्वतःच कोनला धरून ठेवतात, हा वूफर ठेवत नाही.

तुम्हाला लागणारा खर्ज या स्पीकरमध्ये आहेच. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ ला. म्हणजे ४२ च्या पुष्कळ वर. हवा कुठूनही गळत नसेल तर ही तार गोल आणि भरीव वाजते, डग्ग्याची घुमकही ओढलेली वाटत नाही. ती पोकळ वाटली तर दहातल्या नऊ वेळा गळती असते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी उघडणं आणि तपासणी, मग लाकडाची मोडतोड, मग आतली हवाबंदी, मग क्रॉसओव्हर (स्वर तिन्ही ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट) आणि पॉट (पाठीवरच्या नॉबमागचे फिरते रेझिस्टर), मग व्हिनिअर आणि तेल, सर्वात शेवटी वूफर. तेल-पॉलिश आधी केलं तर पुढच्या कामात क्लॅम्पचे वळ त्यावरच उठतात.

उघडताना जाळीची चौकट खालच्या कोपऱ्यातून सैल करा, तिथला ओरखडा दिसत नाही. लांबी (पुट्टी) भरायची पातळ रुंद पात घाला, पण १ सेंमीहून आत नको. पलीकडे मिडरेंज आणि ट्वीटरच्या केसाएवढ्या बारीक तारा पुढच्या फळीवर उघड्या असतात. त्यातली एक तुटली की पुन्हा जोडायला भिंग लागतं, आणि डोमच्या (मिडरेंज-ट्वीटरच्या घुमटाकार पडद्याच्या) मुळाशी तुटली तर जोडताच येत नाही. चौकट निघाली की लगेच दोन्ही डोमवर प्लास्टिकच्या वाट्या पालथ्या घालून कागदी टेपने चिकटवा आणि काम संपेपर्यंत काढू नका.

वूफरचे बोल्ट काढताना स्क्रू-ड्रायव्हर जोराने आत दाबू नका. आतले टी-नट (फळीत मागून रुतवलेले नट) जुने असतात, दाबले की फळीतून सुटून लोकरीत पडतात. एखादा नुसताच गरगर फिरत असेल तर बोल्टचं डोकं पकडीने बाहेर ओढून धरून फिरवा. सुटलेला टी-नट परत बसवताना त्याच्या कॉलरला दोन भागांचं इपॉक्सी लावा, आट्यांना ग्रीस चोपडा, बोल्टने ओढून घट्ट करा आणि रात्रभर ठेवा. ग्रीस विसरलात तर बोल्टही कायमचा चिकटेल.


रंधा-पटाशी (पुणे)

व्हिनिअर पूर्ण काढू नका. त्या काळचं अक्रोडाचं व्हिनिअर आजच्यापेक्षा जाड आहे, साधारण ०.७ ते ०.९ मिमी. आज तिकडे दुकानात मिळतं ते ०.५ ते ०.६. शिवाय माथा आणि बाजू यांचा रेषांचा मेळ मूळ कारागिराने साधलेला असतो. तुम्ही सांगितलेलं नुकसान दुरुस्तीत बसणारं आहे.

सुटलेली कड: नुसती इस्त्री फिरवून चिकटेल या भरवशावर राहू नका. साधा पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो, पण कारखान्यात दाबून लावताना वापरलेले बरेच गोंद होत नाहीत, आणि पन्नास-साठ वर्षांची धूळ आत बसलेली असते. आधी पातळ सुरीने सुटलेला भाग हळूच उचला. त्याखाली १८० नंबरच्या पॉलिश पेपरची दुमडलेली पट्टी सरकवून जुना गोंद खरवडा आणि भुगा फुंकून काढा. मग जाड सुईच्या इंजेक्शनने पांढरा लाकडी गोंद आतपर्यंत सोडा, इकडे फेव्हिकॉल वापरतो तो प्रकार. बोटाने आतून बाहेर दाबत या आणि कडेला निघालेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. पुसायचा राहिला तर तिथे तेल शिरत नाही आणि पिवळट डाग कायम दिसतो. वर मेणकागद, त्यावर सरळ प्लायचा तुकडा, मग क्लॅम्प, दर १० सेंमीला एक. रात्रभर ठेवा. मेणकागद विसरू नका, नाहीतर प्लायचा तुकडा काढताना व्हिनिअरही त्याच्याबरोबर निघेल.

टवका: चौकोनी ठिगळ लावू नका. आडवी सरळ रेघ डोळ्यात भरते, तिरकी भरत नाही. ठिगळ होडीच्या आकाराचं कापा, दोन्ही टोकं निमुळती आणि लांबी रेषांच्या दिशेने. आधी ठिगळ कापा, ते जागेवर ठेवून धारदार पात्याने भोवती आखा आणि मग खालचं जुनं व्हिनिअर तेवढंच काढा. उलट केलंत तर फट राहते. नवं व्हिनिअर पातळ असल्याने खड्डा राहील, म्हणून खाली त्याच व्हिनिअरचा एक थर घाला आणि दोन थर मिळून किंचित वर राहू द्या. वाळल्यावर ठोकळ्याला गुंडाळलेल्या २२० च्या कागदाने समपातळीत आणा. रंग जुळवण्यासाठी ठिगळ थोडं फिकट असलेलं बरं. बहुतेक लाकडं वयाने गडद होतात, अक्रोड मात्र उजेडात फिकट होत जातं. जुन्या माथ्याशेजारी नवा अक्रोड काळपट दिसतो.

चेचलेला कोपरा: फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला म्हणून परत बसत नाही. त्यातली लाकडाची कणी गोंदापासून सुटलेली असते. आधी पूर्ण वाळवा, पंख्यासमोर निदान आठवडाभर. मग पातळ इपॉक्सी थेंब थेंब पाजा, पितं तोवर. दोन्ही बाजूंनी मेणकागद आणि सरळ फळ्या लावून क्लॅम्पने मूळ जाडीच्या जवळ दाबा. २४ तासांनी राहिलेला फुगवटा रंध्याने नाही, पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने उतरवा; रंध्याचं पातं इपॉक्सीत बोथट होतं. उडालेला भाग भरायला कोपऱ्याच्या दोन बाजूंना टेप लावलेल्या फळ्यांचा साचा करा आणि दोन भागांची इपॉक्सी लांबी १ मिमी जास्त भरा. वाळल्यावर घासा आणि वर व्हिनिअरची पट्टी लावा. नुसती लांबी रंगवून अक्रोडासारखी दिसत नाही, रेषा हव्यातच.

डाग: पांढरट डाग वरच्या थरात असतात, तेलाने चोळले की बहुतेक जातात. काळं वर्तुळ लाकडात शिरलेलं आहे. अक्रोडातलं टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते, तोच हा डाग. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं: २५० मिली कोमट पाण्यात एक मोठा चमचा. नुसत्या डागावर लावू नका, तिथे फिका ठिपका पडेल. पूर्ण माथ्याला एकसारखं लावा. फडकं ओलसर असावं, निथळतं नको, कारण खाली पार्टिकल बोर्ड आहे. वाळू द्या, गरज असल्यास दुसरा हात. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा. वाळल्यावर वर पांढरी पूड दिसली तर ती विषारी आहे: मास्क लावून ओल्या फडक्याने टिपा, घासून उडवू नका.

एक गोष्ट ठळक सांगतो. स्टील वुल या कामात घरातही आणू नका. त्याचा बारीक चुरा वूफरच्या चुंबकाच्या फटीत गेला की कॉइल कायमची खरखरते आणि तो काढता येत नाही. शिवाय त्याचे कण ओल्या अक्रोडावर राहिले तर नवे काळे ठिपके पडतात. त्याऐवजी राखाडी नायलॉनचा पॅड घ्या.

घासायला यंत्र नको. कडेवर यंत्र दोन सेकंदांत व्हिनिअरच्या पार जातं आणि खालचा बोर्ड दिसतो. पूर्ण बाजूवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारा, १८० ने रेघा पुसल्या जाईपर्यंतच घासा, मग २२०, मग ३२०. रेषांच्या दिशेनेच.

तेल: उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान. फडक्याने भरपूर लावा, २० मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, २४ तास थांबा. असे तीन हात, तिसऱ्याला टर्पेंटाइन निम्मं. पुसायचं राहिलेलं तेल चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडकी आपोआप पेटतात. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.


झाळणी (ठाणे)

ट्वीटर गप्प आहे म्हणून तो मेला असं धरू नका. आधी पाठ बघा. १, २ आणि टी असे तीन स्क्रू असतात, त्यातल्या २ आणि टी ला जोडणारी एक पितळी पट्टी असते. पट्टी हरवली किंवा गंजली असेल तर ट्वीटरपर्यंत काही पोहोचत नाही. पट्टी ठीक असेल तर दुसरा संशय पॉटवर. हे वायर गुंडाळलेले १६ ओहमचे पॉट आहेत. त्यांच्या पितळी सरक्यावर हिरवा गंज चढतो आणि संपर्क तुटतो. नॉब टोकापासून टोकापर्यंत वीस वेळा फिरवून पाहा. एखाद्या जागी ट्वीटर क्षणभर बोलला तर तो जिवंत आहे.

ड्रायव्हर मीटरवर मोजा. वूफरला २.५ ओहमच्या आसपास, ट्वीटरला काही ओहम दिसले की कॉइल शाबूत. ट्वीटरला बॅटरी लावू नका. थेट ऐकायचाच असेल तर ६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत घालून, आवाज अगदी बारीक ठेवून.

पॉट उघडता येतात. सोडवण्याआधी १, २ आणि बी या खुणांसकट वायरींचा फोटो काढा. आतला सरक्या आणि कडी व्हिनेगरमध्ये १५ मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. वायरीच्या वेटोळ्यावर सरक्या चालतो ती वाट ६०० च्या पॉलिश पेपरने हलकेच चमकवा. वेटोळं तुटलेलं असेल तर पॉट गेला.

बदलायचा झाल्यास एल-पॅड (आवाज कमी-जास्त करणारा वेगळ्या घडणीचा पॉट) चालतो, पण तसाच घातला तर सूर बदलतो. मूळ पॉटची दोन टोकं सिग्नलला समांतर असतात, म्हणजे नॉब कुठेही असो, १६ ओहमचा भार कपॅसिटरला कायम दिसतो. एल-पॅड पूर्ण उघडला की हा भार नाहीसा होतो आणि क्रॉसओव्हरची जागा सरकते. म्हणून एल-पॅडच्या येणाऱ्या बाजूला २५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर समांतर लावा. एल-पॅड घेताना आट्याची लांबी बघा. पाठीची फळी जाड आहे, आखूड आट्याचा नट बाहेर पोहोचत नाही.

कपॅसिटर प्रत्येक खोक्यात तीन: १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरड. बऱ्याच जोड्यांत १५० आणि ५० एकाच मेणाच्या डबीत, तीन वायरींसकट येतात. मीटरवर मोजा, जुने बहुधा छापील आकड्यापेक्षा वर गेलेले असतात. ६ आणि ५० ला पॉलिप्रोपिलीन फिल्म घ्या, १०० व्होल्ट किंवा जास्त. १५० ला चांगला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुरतो, तो वूफरला समांतर आहे आणि एवढ्या मूल्याची फिल्म मुठीपेक्षा मोठी होते. क्रॉसओव्हर ५७५ आणि ५००० हर्ट्झला आहे. मूल्यं तीच ठेवा, ‘थोडं जास्त घातलं तर बरं’ इथे चालत नाही. फिल्म कपॅसिटर जड असतात, नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका. फळीवर गरम गोंदाची गादी करून वरून नायलॉनच्या पट्टीने आवळा.


काळी पाच (न्यू जर्सी)

मंडळी, मनापासून आभार. नळीचा विचार सोडला.

पट्टी पाहिली, ती जागेवर आहे. नॉब फिरवताना एका जागी ट्वीटर खरंच बोलला. पॉट उघडतो.

आता दोन गोष्टी अडल्यात. आतून पिवळी काचलोकर निघाली, ती बाहेर काढताच दुप्पट फुगली. सगळी परत घालू की थोडी कमी? आणि हवाबंद झालं हे मोजायचं कसं? वूफरच्या भोवती करडी, कणकेसारखी लांबी होती, ती वाळून कडक झालीय. सिलिकॉन लावू का?


खर्जातला सा (मुंबई)

सिलिकॉन नको. आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते बंद खोक्यात तांब्यावर आणि टर्मिनलवर बसतं. शिवाय पुढच्या वेळी वूफर काढताना फळीचा थर उचकटून येतो. खिडकीच्या फटीत भरतात ती कायम मऊ राहणारी दोरीची लांबी घ्या, किंवा ३ मिमी जाडीची बंद छिद्रांची फोमपट्टी. जुनी लांबी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, तिचा चुरा वूफरच्या मागे पडू देऊ नका. पट्टीचा जोड खालच्या बाजूला आणि तिरका कापलेला ठेवा. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. एका बाजूने पूर्ण आवळले तर टोपली (वूफरचा धातूचा सांगाडा) वाकते आणि कॉइल घासते.

काचलोकर: निघाली तेवढी सगळी परत घाला. म्हणूनच ती काढल्या काढल्या प्रत्येक खोक्याची वेगळी पिशवी करून वजन करायचं. नंतरच्या जोड्यांत साधारण २० औंस, म्हणजे ५७० ग्रॅमच्या आसपास असते, सुरुवातीच्यांत याहून जास्त. दोन खोक्यांत ५० ग्रॅमहून जास्त फरक निघाला तर एकातली कुणीतरी आधी काढलेली आहे. ही लोकर नुसता आवाज शोषायला नसते. हवा दाबली की तापते आणि तापली की जास्त ताठ होते. लोकर ती उष्णता पिते, त्यामुळे हवेची स्प्रिंग मऊ राहते आणि खोकं आहे त्यापेक्षा मोठं असल्यासारखं वागतं. कमी घातली तर अनुनाद वर चढतो आणि खर्ज पोकळ होतो. ठासून एका कोपऱ्यात भरू नका, सगळीकडे सारखी पसरवा. वूफरच्या मागे पातळ कागदाचा थर असेल तर तो परत लावा. नसेल तर सुती जाळीचं कापड. काचेचे तंतू कॉइलच्या फटीत जाऊ नयेत यासाठी तो असतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क, आणि ते कपडे वेगळे धुवा.

गळती तीन ठिकाणी होते: पॉटचे दांडे, टर्मिनलचे स्क्रू आणि फळ्यांचे सांधे. लोकर बाहेर आहे तोवरच सांधे बघा. खोलीत अंधार करून आत टॉर्च ठेवा. बाहेरून उजेडाची रेघ दिसली तर फट मोठी आहे. दिसली नाही तरी सगळ्या आतल्या सांध्यांवर पांढऱ्या गोंदाची जाड रेघ सोडून ओल्या बोटाने दाबत फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, कारण पाणी उडाल्यावर गोंद आकसतो.

वूफर बसवल्यावर परीक्षा: दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती सारखी टेकवून ५-६ मिमी आत दाबा, एक क्षण धरा आणि सोडा. सावकाश, सेकंद-दीड सेकंदात परत येत असेल तर उत्तम. लगेच उसळला तर हवा गळतेय. मग फोनवरून ३० हर्ट्झचा स्वर अगदी बेताने लावा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून, पॉटवरून, टर्मिनलवरून हळू सरकवत न्या. धुराची सरळ रेघ जिथे थरथरते तिथे फट आहे. पंखा बंद ठेवा, आणि उदबत्ती कोनच्या जवळ नको, नव्या फोमला ठिणगी पुरते. पॉटच्या दांड्याभोवतीची गळती दुरुस्त करताना मऊ लांबीचा छोटा कडा पुरतो, नॉबखाली झाकला जातो.

आकडा हवा असेल तर वूफरच्या मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर घाला, २० ते ८० हर्ट्झ सरकवत जा आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज बघा. जिथे तो सर्वात वर जातो ती अनुनादाची जागा. ४० ते ४५ मध्ये आणि दोन्ही खोकी एकमेकांपासून २-३ हर्ट्झच्या आत असली की झालं. नवी फोमकड पहिले काही तास ताठ असते, आकडा थोडा वर दिसेल. एक दिवस वाजवून पुन्हा मोजा. शिखर बसकं आणि पसरट दिसलं तर पुन्हा उदबत्ती.


रंधा-पटाशी (पुणे)

आधाराच्या पट्ट्या आणि टर्मिनल राहिले होते.

आधी बोटाच्या पेराने प्रत्येक बाजू ठोकून ऐका. ‘ठक’ कोरडा आला तर काही करू नका. ‘ढम’ लांबला तर त्याच बाजूला पट्टी द्या. २५ बाय ५० मिमी, ३० सेंमी लांब पट्टी ३७५ घनसेंमी जागा खाते; खोक्याचं पोट साधारण ४१ लिटर, म्हणजे १ टक्क्याहून कमी. अशा दोनपर्यंत काही बिघडत नाही. पट्टी फळीच्या नेमक्या मध्यातून नको, थोडी तिरकी लावा, म्हणजे दोन सारखे अर्धे भाग एकाच स्वराला थरारत नाहीत. फक्त गोंद आणि आतून टेकू. बाहेरून स्क्रू मारू नका, व्हिनिअर फुटेल. आत बिटुमेनचे जाड तक्ते चिकटवू नका, उन्हाळ्यात त्यांचा वास काढता येत नाही.

टर्मिनलसाठी मूळ भोकं मोठी करू नका. जाड वायरच्या टोकाला गोल कडीचा लग दाबून लावा आणि तो जुन्या स्क्रूवर पितळी नटाने आवळा. पकड नव्या टर्मिनलपेक्षा कमी नसते आणि उद्या कुणाला जोडी मूळ रूपात हवी असेल तर ती तशीच असेल. स्क्रू गंजले असतील तर त्याच मापाचे पितळी घ्या, आतून वॉशरखाली मऊ लांबी भरा.

ॲम्प्लिफायर ४ ओहमचा भार सोसणारा हवा, हे नीट तपासा. छोट्या रिसीव्हरवर दोन जोड्या एकदम लावू नका.


मांडवी (रत्नागिरी)

विषय चालूच आहे तर विचारते. आमच्याकडे जुन्या बंद खोक्यांच्या जोडीवर पावसाळ्यात पाठीला आणि जाळीच्या कापडाला पांढरी बुरशी येते, वूफरचा कोनही ओलसर लागतो. एका खोक्याचा तळ फुगायला लागलाय. खोकी भिंतीला टेकून, जमिनीवरच आहेत. काय करावं?


रंधा-पटाशी (पुणे)

मांडवीताई, तळ फुगतोय म्हणजे ओल फरशीतून चढतेय. आजच खोकी ३० सेंमी उंच लाकडी घोड्यावर घ्या आणि भिंतीपासून २० सेंमी पुढे ओढा. पाठीमागे हवा खेळली की अर्धी बुरशी तिथेच थांबते.

पार्टिकल बोर्डाची उघडी कड हीच पाणी पिणारी जागा असते. तळाला आणि पाठीला बहुतेक वेळा व्हिनिअर नसतं. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन लागलं, बोर्ड कोरडा झाला की तळाला आणि सगळ्या उघड्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. आत्ता ओल्यावर देऊ नका, ओल आत कोंडून फुगवटा वाढेल. फुगलेल्या तळाला वर सांगितलेला कोपऱ्याचाच उपाय.

बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, बी घरभर उडतं. स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पाठ टिपा. कापडाची चौकट काढून उन्हात ठेवा. कोनला पाणी, स्पिरिट काहीही लावू नका. कागदी कोन त्याने लिबलिबीत होतो. कोनवर मात्र मऊ कोरडा ब्रशच फिरवा, मध्यापासून कडेकडे, हलकेच. वूफरची कड कापडाची असेल आणि तिच्यावरचा लेप वाळून हवा झिरपत असेल तर त्यावर नेलपॉलिश किंवा फेव्हिकॉल फासू नका, दोन्ही ताठ होतात आणि अनुनाद वर नेतात. कायम लवचिक राहणारा रबरी लेपच लागतो, तोही मागच्या बाजूने, एकच पातळ हात.

पावसात रोज अर्धा तास तरी वाजवा. कॉइलची ऊब आणि कोनची हालचाल आतली ओल बसू देत नाही.


झाळणी (ठाणे)

मांडवी, क्रॉसओव्हर बोर्डवर हिरवं दिसलं तर झाळलेले सांधे पुन्हा गरम करून नवं झाळ द्या आणि वर पारदर्शक लॅकरचा एक हात. पॉटला मात्र लॅकर लागू देऊ नका.

काळी पाच, पॉट जोडून झाल्यावर दोन्ही नॉब मध्यावर ठेवून दोन्ही खोक्यांवर एकच ध्वनिमुद्रण मोनोमध्ये लावा. तंबोऱ्याची साथ दोघांच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवी. एकीकडे सरकली तर त्या बाजूचा पॉट अजून साफ झालेला नाही.